एक बाद मत

आमच्या ह्यांना कुठल्याच गोष्टीवर मत नव्हतं. म्हणजे असणार, माणूसच आहे शेवटी; पण ते आत कुठेतरी कुलूपबंद असायचं. लग्न होऊन नव्या घरात आलो तेव्हा मी खिडक्यांसाठी पडद्याच्या कापडाचे दोन तुकडे आणले, एक निळा, एक पिवळा, आणि कुठला घेऊ म्हणून ह्यांना विचारलं. ह्यांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "दोन्ही पात्र आहेत." मला वाटलं थट्टा करतायत. पुढे कळलं की ह्यांना थट्टा येतच नाही. शेवटी एका खिडकीला निळे आणि दुसरीला पिवळे पडदे लागले, आणि येणारा-जाणारा मला हसला.

हे राज्याच्या निवडणूक कार्यालयात होते. कारकून म्हणून लागले आणि त्याच कार्यालयाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या मावशीने वडिलांना विचारलं होतं, "निवडणूक पाच वर्षांतून एकदा. मधली वर्षं हा मुलगा काय माश्या मारत बसणार?" मलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी होकार दिला, म्हटलं, नवरा घरात तरी सापडेल. कसलं काय. मधल्या वर्षांत मतदारयाद्या असतात. कोण वयात आलं, कोण घर बदलून गेलं, कोण वारलं, हे सगळं दारोदार जाऊन बघायचं. ह्यांच्या चपलांचे तळ झिजायचे आणि चांभार मला बघून खूश व्हायचा.

एकदा एका म्हातारीने ह्यांना सांगितलं, "आमच्या म्हाताऱ्याचं नाव ह्या खेपेला राहू द्या ना. पुढच्या वेळी काढा." नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. नियमात ते बसत नव्हतं. हे तिथे बसून राहिले, दोन कप चहा प्यायले, त्या म्हाताऱ्याची नोकरी, त्याचे गुडघे, त्याचं शेजाऱ्यांशी भांडण, सगळं ऐकून घेतलं आणि नाव न खोडता उठले. खोडलं ते कार्यालयात जाऊन, आपल्या टेबलावर. घरी आल्यावर मला म्हणाले, "तिच्यासमोर रेघ मारवली नाही गं." तोवर मला वाटत होतं की माझी गाठ एका रबरी शिक्क्याशी पडली आहे. त्या दिवशी मी ह्यांच्याकडे जरा नीट पाहिलं.

सुरुवातीची बरीच वर्षं ह्यांनी मतदान केंद्रांवर काढली. मतपत्रिका मतदाराच्या हातात देण्याआधी तिच्या पाठीवर केंद्राधिकाऱ्याची सही लागते. ती नसेल तर मतपत्रिका खोटी. हे एका दिवसात इतक्या सह्या करायचे की मधल्या बोटाला घट्टा पडला, तो अजून आहे. पाठीवर, उजव्या कोपऱ्यात, संपूर्ण नाव. इतर अधिकारी दुपारपासून नुसतं एक वेलांटीसारखं काहीतरी ओढायचे, ह्यांची शेवटची सही पहिल्या सहीसारखीच असायची. शर्टांना लाखेचा वास यायचा आणि बाह्यांवर बारीक बारीक जळकी भोकं पडायची, कारण पेट्यांना सील लावताना मेणबत्तीवर लाख वितळवायचं काम हे दुसऱ्या कुणाला देत नसत. मी रफू करून करून थकले. एकदा म्हटलं, "अहो, हाताखाली इतकी माणसं आहेत, एखाद्याला जाळू द्या की त्याच्या बाह्या." तर म्हणाले, "त्याच्याही घरी रफू करणारं कुणीतरी असेल." ह्यावर भांडणार तरी कसं?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. एका छोट्या गावाच्या निवडणुकीत हे मतमोजणीला होते. एक तरुण मुलगा पहिल्यांदाच उभा होता. मोजताना एक मतपत्रिका निघाली, त्या मुलाच्या नावापुढे फुली आणि खाली थरथरत्या अक्षरांत लिहिलेलं, "यशस्वी हो बाळा. आजी." मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असं काहीही असलं तर मत बाद, हा नियम जगात सगळीकडे आहे, असं हे म्हणतात. ह्यांनी ते बाद केलं. मुलगा अगदी थोडक्यात पडला. हे दुपारी घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर नुसते बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं?" तेव्हा ही गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "काय बाई तरी, नुसती फुली मारायची की." हे म्हणाले, "तिला वाटलं असेल, एवढ्या फुल्यांत आपल्या आजीची कुठली हे त्याला कसं कळणार." आणि जेवले नाहीत. ताट मी झाकून ठेवलं.

असा माणूस वर वर चढत गेला, ह्यात माझ्या मते ह्यांचा काही दोष नव्हता. वशिला नाही, पुढेपुढे करणं नाही. झालं एवढंच की प्रत्येक पक्षाला हे सारखेच नकोसे होते, म्हणून कुणाचीच हरकत आली नाही. कार्यालयात ह्यांना मागून "काटा" म्हणत, तराजूचा असतो तो. प्रमुख झाल्यावर मी एकदाच ह्यांची खोली बघायला गेले. टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीचे पाय थोडे कापलेले दिसले. शिपाई मला हळूच म्हणाला, "वहिनी, ती बोटभर उंच होती. सत्तेतला माणूस नेमका तिच्यावर बसायचा. साहेबांनी सुतार बोलावून दोन्ही सारख्या करून घेतल्या." कपबश्याही एकाच जातीच्या, एकीलाही टवका नाही.

ह्याच नादात माझा स्वेटर वाया गेला. एका हिवाळ्यात मी ह्यांच्यासाठी जांभळा स्वेटर विणला, डोळे फोडून. ह्यांनी आठ दिवस घातला असेल-नसेल, तेवढ्यात एक नवा पक्ष निघाला आणि त्याने झेंडा जांभळा केला. ह्यांनी स्वेटर घडी करून मला परत दिला. "निवृत्तीनंतर घालेन," म्हणाले. निवृत्त झाल्यावर मी काढून पुढे ठेवला, तर म्हणे, "लोकांना वाटेल, आधीपासूनच त्यांचा होता." शेवटी तो जावयाने नेला. त्याला तो फार शोभतो, हे मी मुद्दाम ह्यांच्यासमोर सांगते.

आता तुम्ही म्हणाल, चांगला माणूस मिळाला, बाईला कुरकुरायला झालंय काय. सांगते. जगाशी समान वागणारा माणूस चांगला असतो, पण तो आपला नवरा असला की पंचाईत होते. मुलं केकच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडली की हे चिठ्ठ्या टाकायचे. माझं आणि सासूबाईंचं वाजलं की हे दोघींच्या मधोमध उभे राहून म्हणायचे, "दोघींचं म्हणणं लक्षात आलं." आलं ना लक्षात? मग बोला की काहीतरी. पण नाही. तळ्यातही नाही आणि मळ्यातही नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी मी त्यांचं सगळं केलं. आमच्यात कधी फार गोडी नव्हती, पण दुखणाईत माणसाचं करताना ते बघायचं नसतं. तेव्हा एकदा नणंद आली, आणि चार नातेवाइकांसमोर म्हणाली, "आईला इथे औषधसुद्धा वेळेवर मिळत नाही." माझ्या हातात सासूबाईंचं धुतलेलं भांडं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घसा साफ करून म्हणाले, "दोघींचं म्हणणं ऐकून घेऊ." मी भांडं खाली ठेवलं आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आतून सासूबाईंचा आवाज आला, त्या दुखण्यातही खणखणीत, "तिला कुणी काही बोलायचं नाही. ती नसती तर मी केव्हाच गेले असते." जन्मभर जिच्याशी भांडले ती माझ्या बाजूने बोलली, आणि ज्याच्यासाठी ह्या घरात आले तो ऐकून घेत होता. ते माझ्या मनात राहिलं. मी बोलून दाखवलं नाही, पण राहिलं.

ह्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी निवडणुकीला उभी राहिले. हसू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तळमजल्यावर वाचनकक्ष, तिथे सकाळी पेपर वाचायला म्हातारे येतात, दुपारी अभ्यासाला मुलं येतात. मी तिथे बरीच वर्षं पुस्तकं लावायचं काम करत होते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, आम्ही त्यांना औषधवालेच म्हणतो, तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांनी ठरवलं की तळमजला भाड्याने द्यायचा आणि वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर न्यायचा. ते काही वाईट नाहीत. छप्पर गळत होतं आणि ते त्यांना दुरुस्त करायचं होतं. पण दोन जिने चढून पेपर वाचायला कोण जाणार? मी तोंडाने बोलले तर सगळे म्हणाले, "मग तुम्हीच व्हा अध्यक्ष." मी म्हटलं, होते. समोर औषधवाले उभे राहिले.

कार्यकारिणीचे लोक घरी आले. ह्यांना म्हणाले, "साहेब, निवडणूक तुम्हीच घ्या. नियमावलीही तुम्हीच करून दिली आहे. तुम्ही असलात की कुणाची ओरड राहणार नाही." हे म्हणाले, "मी अपात्र आहे. एक उमेदवार माझी पत्नी आहे." मग ते काम निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलं. मी चहाचे कप उचलताना विचार करत होते: नाही म्हणाले ते नियमामुळे. माझ्यासाठी नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी, भाजी निवडता निवडता, मी विचारलंच.

"मत कुणाला देणार?"

"मतदान गुप्त असतं."

"अहो, मी घरची आहे."

"घरच्यांसाठी वेगळा नियम नाही."

मी सुरी खाली ठेवली. "नियम राहू द्या बाजूला. इतकी वर्षं मी वाट बघतेय. मुलांच्या वेळी, तुमच्या आईच्या वेळी, तुमची बहीण मला नाही नाही ते बोलली तेव्हा. एकदा, आयुष्यात एकदा, चारचौघांत माझ्या बाजूने उभे राहाल की नाही?"

हे नखाने टेबलावरचा डाग खरवडत होते. मग म्हणाले, "मी तुझ्याच बाजूचा आहे. कायम होतो."

मी विरघळले असते. पण रागात होते, आणि राग आला की माझी जीभ धार लावल्यासारखी चालते. म्हटलं, "तोंडी मत ग्राह्य नसतं ना तुमच्यात? मग मीही धरत नाही."

हे उठून स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायला लागले.

मतदान वाचनकक्षातच होतं. पुस्तकांचं एक कपाट तिरकं ओढून आडोसा केला होता. पोस्टमास्तरांनी सुरुवातीला खोकं उलटं करून सगळ्यांना रिकामं दाखवलं, बूड थोपटलं आणि चिकटपट्टी लावली. रांगेतून हे मान हलवत होते, जमलं बुवा, अशी. ह्यांची पाळी आली तेव्हा हे आडोशामागे गेले ते लवकर येईनात. मागे उभा असलेला भाजीवाला म्हणाला, "साहेब सगळे नियम म्हणून घेतायत वाटतं." लोक हसले. हे बाहेर आले, कागद खोक्यात टाकला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

संध्याकाळी मोजणी झाली. हे मागच्या बाकावर येऊन बसले. पोस्टमास्तर एकेक कागद उघडत होते, नाव वाचत होते, आणि बाजूच्या बाई फळ्यावर रेघ मारत होत्या. अगदी चुरस होती. एक कागद उघडून पोस्टमास्तर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे मत बाद करावं लागेल," ते म्हणाले. "मतदाराची सही आहे खाली."

"कुणाची?" कुणीतरी विचारलं.

विचारायला नको होतं आणि सांगायलाही नको होतं, पण जन्मभर पाकिटांवरची नावं वाचलेला माणूस तो. "साहेबांची," म्हणाले.

सगळा कक्ष हसायला लागला. कुणी म्हणालं, "अहो, मतपत्रिका दिसली की हात आपोआप चालणारच, सगळी हयात त्यात गेली." औषधवाले उभे राहिले. ते खरंच सज्जन आहेत. म्हणाले, "सवयीने झालेली चूक आहे हो. धरा ते मत. माझी काही हरकत नाही." सगळ्यांनी मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे उभे राहिले, कान लाल झाले होते. "नियम मीच लिहिला आहे," म्हणाले. "मत बाद आहे." आणि खाली बसले.

मी एका मताने पडले. ते एक धरलं असतं तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या. (वाचनकक्ष पुढे वर गेलाच. पण औषधवाल्यांनी जिन्याखाली दोन बाकं टाकून दिली, आणि रोज सकाळी वरून पेपर खाली आणायचं काम ह्यांनी घेतलं आहे. सगळ्या पक्षांचे पेपर, सारख्या घड्या घालून.)

बाद मत बघायचा उमेदवाराला हक्क असतो. तेवढा नियम मला इतक्या वर्षांच्या संसारात माहीत झाला होता. मी पुढे गेले आणि पोस्टमास्तरांकडे मागितलं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. माझ्या नावापुढे फुली, ठळक, शाई जराशी पसरलेली. आणि तिच्या लगेच खाली संपूर्ण नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

लोक अजून सवयीवरून हसत होते. मी नाही हसले. सगळी हयात ह्यांनी सह्या केल्या त्या मतपत्रिकेच्या पाठीवर, उजव्या कोपऱ्यात. सवयीचा हात असता तर त्याने आधी कागद उलटा केला असता. ही सही पुढे होती, माझ्या नावाखाली. मी खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायला गेले.

घरी जाताना आम्ही नेहमीसारखे चाललो होतो, हे अर्धं पाऊल पुढे आणि मी मागे. दिवे नुकते लागले होते. औषधाच्या दुकानाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "एक मत घालवलंत माझं."

"हं."

"तो कागद मला हवाय."

"मिळणार नाही. सील करून ठेवायचा असतो. मुदत संपली की नष्ट करतात."

"माहीत आहे. उगाच विचारलं."

थोडं चालल्यावर हे थांबले. मी बरोबरीला येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "त्या आजीचं मत मी बाद केलं होतं. आठवतं?"

"आठवतं. जेवला नव्हतात."

"बरोबरच केलं होतं. आजही करेन." मधल्या बोटावरचा घट्टा हे अंगठ्याने चोळत होते. "पण ती चुकली नव्हती गं."

मी ह्यांचा हात धरला, भर रस्त्यात, आणि म्हटलं, "धरलं ग्राह्य."